बोली लावण्याआधी एक फोटो मागा

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक लेन्स पडून आहे. ती मी कॅमेऱ्याला लावत नाही आणि विकतही नाही. जुने फिल्म कॅमेरे गोळा करण्याचा नाद लागला तेव्हाची, ऑनलाइन लिलावातली ही माझी दुसरी की तिसरी खरेदी. वर्णनात लिहिलं होतं, ‘काच स्वच्छ, वयाच्या मानाने उत्तम.’ पार्सल आल्यावर टॉर्च मारून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, कडेपासून पार मध्यापर्यंत. विक्रेत्याला लिहिलं, तर त्याचं उत्तर, ‘फोटो पाहूनच घेतलीत ना?’ मी फोटो पुन्हा उघडले. पाच फोटो होते आणि पाचही बाहेरून काढलेले. काचेतून आरपार उजेड पाडलेला एकही नाही. लबाडी त्याची होतीच, पण मी काही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून विक्रेत्याला एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय मी बोली लावत नाही. आणि प्रश्न असा, की वस्तू हातात असल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येऊ नये. ‘चालतो का?’ असं विचारू नका. ‘हो’ म्हणायला काय जातं? ‘लेन्सच्या मागून टॉर्च धरून, छिद्र पूर्ण उघडून एक फोटो पाठवाल का?’ असं विचारा. किंवा वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा. दुसऱ्याच्या जाहिरातीतून फोटो उचलणाऱ्याची इथे पंचाईत होते. एकाने मला कळवलं होतं, ‘कॅमेरा सध्या भावाकडे आहे, लिलाव संपला की आणतो.’ मी आभार मानून पुढे गेले. फोटो उचललेले वाटले तर ते इमेज सर्चमध्ये टाकून पाहा. तोच कॅमेरा, तोच टेबलावरचा ओरखडा दुसऱ्या कुणाच्या जुन्या जाहिरातीत सापडला की शंका खरी ठरते.

प्रश्न नेमका विचारायचा तर वस्तूची खोड माहीत हवी. लायका या जर्मन कॅमेऱ्याचंच उदाहरण घ्या. जुन्या लायकासारखे दिसणारे कॅमेरे सोव्हिएत संघात फेड आणि झोर्की या नावांनी ढिगाने बनले. पुढे त्यांतल्या कित्येकांवरचं मूळ नाव घासून लायकाचं नाव कोरलं गेलं. कुणी सोनेरी मुलामा दिला, कुणी वर गरुड काढून जर्मन हवाई दलाचा असल्याचं सांगितलं. असे कॅमेरे लिलावात सतत दिसतात. वरची कोरीव अक्षरं पाहत बसू नका. लेन्स काढून आतला फोटो मागा. वरच्या बाजूला एक छोटा दांडा लेन्सला टेकतो, त्याच्यावर रेंजफाइंडर (अंतर मोजून फोकस जुळवणारा भाग) हलतो. लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं. फेड-झोर्कीत साधारण पाचरीसारखा तुकडा. सोनेरी, गरुडवाला आणि आत पाचर, म्हणजे बोलायचं कामच नाही. (शोभेची वस्तू म्हणून झोर्कीच्या भावात मिळाला तर खुशाल घ्या, माझ्याकडेही एक आहे.) तुम्ही घड्याळं घेत असाल तर मागचं झाकण उघडून आतल्या यंत्राचा फोटो मागा, पेन घेत असाल तर निबचा अगदी जवळून. प्रत्येक वस्तूची अशी एक जागा असते जिथे खोटं लपत नाही. ती शोधायला एक संध्याकाळ लागते.

वर्णनातले शब्द नीट वाचायला शिका. ‘चाचणी केलेली नाही’ याचा माझ्या शब्दकोशातला अर्थ ‘चाचणी केली, चालला नाही’. शटरचं बटण दाबून बघायला कितीसा वेळ लागतो? ‘जसा आहे तसा’ म्हणजे तक्रार ऐकून घेणार नाही. ‘आजोबांच्या कपाटात सापडला, मला यातलं काही कळत नाही’ हे वाचून मन विरघळतं, म्हणून त्याच विक्रेत्याचा बाकीचा माल उघडून पाहायचा. तिथे चाळीस कॅमेरे आणि प्रत्येकाला एकेक आजोबा! आणि मथळा सोडून खालचं सगळं वाचा. महागड्या वस्तूचा फोटो लावून तळाशी बारीक अक्षरांत ‘फक्त खोका’ असं लिहिणारेही असतात.

ईबे या लिलावाच्या साइटची सुरुवात मात्र अगदी उलट झाली होती, असं सांगतात. ती पिएर ओमिड्यार यांनी 1995 मध्ये सुरू केली. तिथे पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला उलट लिहून विचारलं, हा मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो. असा विक्रेता भेटला तर त्याला जपून ठेवा.

विक्रेत्याचा फीडबॅक पाहताना टक्केवारीवर जाऊ नका. 99 टक्के म्हणजे काय? दोनशे मोबाइल कव्हर विकून मिळालेले 99 टक्के मला लेन्सच्या बाबतीत काय कामाचे? मी फक्त वाईट आणि मधले शेरे वाचते, त्यातही गेल्या वर्षभरातले, आणि त्यांना विक्रेत्याने दिलेली उत्तरं. चूक कुणाची होती त्यापेक्षा भांडण झाल्यावर माणूस कसा बोलतो हे तिथे कळतं. ईबेवर 2008 पासून विक्रेत्याला खरेदीदारावर वाईट शेरा मारता येत नाही. त्याआधी सूड म्हणून उलटा शेरा मिळेल या भीतीने लोक गप्प बसत. फीडबॅकचे गुण माल विकून मिळालेत की खरेदी करून, हेही पाहा. आणि दोन वर्षं झोपलेलं खातं एकदम महाग माल स्वस्तात विकायला लागलं, तर ते खातं चोरलेलं असण्याचा संभव मोठा. तिथे जुने चांगले शेरे मूळ मालकाचे, माल चोराचा.

आता बोली. ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही तुमची कमाल रक्कम लिहिता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. तुमची कमाल शंभर आणि दुसऱ्याची साठ असेल, तर तुम्हाला साठाच्या वर एक पायरी एवढंच द्यावं लागतं. म्हणून टपाल आणि परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्कही वजा करून खरी कमाल ठरवा, कागदावर लिहा आणि एकदाच टाका. मी ती शेवटच्या आठ-दहा सेकंदांत टाकते. यात फसवाफसवी काही नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 च्या निबंधात ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली होती. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी बंद होई. ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की मुदत दहा मिनिटं पुढे सरके. शेवटच्या क्षणीची गर्दी ईबेवर कितीतरी जास्त दिसली. तेव्हा तुमच्या साइटवर मुदत वाढते का, ते आधी पाहा; वाढत असेल तर ही युक्ती तिथे फुकट.

उशिरा बोली लावण्याचा माझ्या दृष्टीने खरा फायदा वेगळा आहे. विक्रेत्याचाच साथीदार भाव चढवत असेल, तर तुमची कमाल चाचपायला त्याला वेळ मिळत नाही. बोलींचा इतिहास उघडा. एकही गुण नसलेलं खातं, छोट्या छोट्या पायऱ्यांनी वर चढणारं, सगळ्या बोली याच एका विक्रेत्याकडे, मध्येच एखादी बोली मागे घेतलेली: असं दिसलं की मी निघते. तशाच चीजा पुन्हा येतात. ‘आता नाही तर कधीच नाही’ असं मला तीसेक वेळा तरी वाटलं असेल. त्यातला एकच कॅमेरा पुन्हा दिसला नाही.

हरल्यानंतरही सावध राहा. दादाला एकदा मेल आला, ‘जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमच्याच बोलीला देतो, या लिंकवर भरा.’ अशी दुसरी संधी खरोखर दिली जाते, पण ती साइटवर तुमच्या खात्यातल्या संदेशांतही दिसते. दादाच्या खात्यात काहीच नव्हतं. नशीब, कार्ड आणायला उठला आणि जाता जाता मला फोन केला.

पैशांबाबत मी हट्टी आहे. व्यवहार साइटच्या आतच. ‘बाहेर करू, कमिशन वाचेल, थोडं कमी करतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार. पेपॅलवर ‘मित्र आणि कुटुंबीय’ प्रकाराने पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण नसतं, आणि लबाड विक्रेते नेमकं तेच मागतात. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा अनोळखी बँक खातं म्हणजे पैसे गेलेच समजा. विक्रेत्यानेच सुचवलेली ‘सुरक्षित मध्यस्थ’ साइटही बहुतेक त्याचीच असते.

पार्सल आलं की आधी मोबाइल स्टँडवर लावते. खोक्याच्या सहाही बाजू, लेबल, वजनकाट्यावरचा आकडा, मग एका सलग व्हिडिओत कात्री ते कॅमेरा. घरचे हसतात. कॅमेरा त्याच आठवड्यात तपासते: मंद शटर अडकतंय का, मागच्या दाराच्या कडेचा फोम विरघळून चिकट झालाय का, काचेत टॉर्च. ईबेच्या हमीत वर्णनाशी न जुळणारी वस्तू मिळाल्यापासून साधारण 30 दिवसांत कळवावी लागते, आणि ‘दिवाळीत बघू’ म्हणून ठेवलेला कॅमेरा त्यात बसत नाही. तक्रार साइटवरच करा, आणि विक्रेता कितीही गोड बोलला, ‘आधी तक्रार मागे घ्या, लगेच पैसे देतो’ म्हणाला, तरी पैसे येईपर्यंत ती बंद करू नका. एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही.

गेल्या महिन्यात एका रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी नेहमीप्रमाणे टॉर्चचा फोटो मागितला. आला, आणि काचेच्या कोपऱ्यात बुरशीचा छोटासा धागा होता. विक्रेत्याने लिहिलं, मलाच दिसला नव्हता, माफ करा. त्याने लिलाव थांबवला, तो फोटो सगळ्यांत पुढे लावून कॅमेरा नव्याने मांडला. मी कागदावर आधीपेक्षा कमी आकडा लिहिला, शेवटच्या नऊ सेकंदांत टाकला, आणि एका पायरीने हरले.