काळ्या गाडीसाठी पॉलिशिंग मशीन घेताय? या चुका टाळा

काळी गाडी सावलीत उभी असते तोवर तिच्यासारखी देखणी गाडी नाही. तीच उन्हात काढा. बॉनेटवर जिथं सूर्य दिसतो, त्याच्याभोवती कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक गोल चरे चमकायला लागतात. लातुरात मी गाड्यांना पॉलिश करतो आणि काळ्या, गडद निळ्या गाडीवाल्यांची तक्रार बहुतेक हीच असते. हल्ली पुष्कळ जण म्हणतात, दर वेळी पैसे देण्यापेक्षा मशीनच घेतो. जरूर घ्या, घरच्या घरी हे काम नीट होतं. पण मशीन निवडताना जे चुकतं ते काळ्या रंगावर लगेच उमटतं.

मशीनच्या आधी फडकं बघा

हे चरे खरं तर गोल नसतात. ते सगळ्या दिशांनी गेलेले बारीक ओरखडे असतात. त्यातले उजेडाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वलय दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, फक्त डोळ्यांत भरत नाहीत.

आपल्याकडं ते येतात कोरड्या फडक्यातून. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गाडीवर चार बादल्या ओतायला मन होत नाही, हे मला पुरतं कळतं. म्हणून रोज सकाळी धूळ कोरडीच पुसायची सवय लागली. पण रस्त्यावरची धूळ, मुरुमाचे कण, काळी माती हे सगळं त्या फडक्याखाली रंगावर घासलं जातं. दसऱ्याला गाडीला हार घालतो, तेव्हाही बॉनेट आधी कोरडंच पुसलं जातं.

ही सवय तशीच ठेवून मशीन घेतलं, तर महिन्याभरात जाळं परत येतं आणि तुम्ही परत पॉलिश करता. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला पेंटर लोक क्लिअर किंवा लॅकर म्हणतात, तो कंपनीच्या रंगात साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस त्याहून जाड, सुमारे ७० मायक्रॉन. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खाऊन जातं आणि गेलेलं परत येत नाही. हातपंपाचा दोन लिटरचा फवारा घ्या (शेतात औषध मारलेला नको), शाम्पूचं पाणी मारून धूळ फुगू द्या, ती खाली ओघळू द्या आणि मगच मायक्रोफायबरचं मऊ फडकं लावा. दोन बादल्यांत गाडी होते.

ग्राइंडरला फोम लावून काम भागवणं

"दादा, घरी ग्राइंडर हाय, त्यालाच फोमचं पॅड लावलं तर चालतंय का?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी तरी विचारतं. नाही चालत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. पॉलिशिंगच्या रोटरी मशीनचा वेग साधारण ६०० ते ३,००० असतो. ग्राइंडरखाली क्लिअर काही सेकंदांत तापून जळतो, आणि कडेला तर खालचा प्रायमर उघडा पडतो. स्पीड कमी करण्याची सोय असलेला ग्राइंडरसुद्धा बहुतेक वेळा हवा तितका खाली येत नाही. लाकडाचा सँडर दिसायला पॉलिशरसारखाच असतो, पण त्याची झेप, म्हणजे घिरट्यांचं वर्तुळ, दोन-तीन मिलिमीटरची असते. त्यानं वेळ जातो, जाळं जात नाही.

पहिलंच मशीन रोटरी घेणं

रोटरी एकाच जागी गोल फिरते. झटपट कापते, खोल चरे काढते आणि अनुभवी हातात सुंदर काम करते. गॅरेजमध्ये रबिंग म्हणून जे होतं ते बहुतेक याच मशीननं. सुरुवातीला मीही तीच वापरत होतो. एका काळ्या सेडानचं बॉनेट ट्यूबलाइटखाली आरशासारखं झालं. काका समाधानानं गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. उन्हात सगळ्या बॉनेटवर मशीन फिरल्या वाटेनं धुरकट पट्टे दिसत होते, गाडी हलली की तेही हलत होते. यालाच होलोग्राम म्हणतात. लोकरीचं पॅड, जास्त वेग आणि जरासा तिरका धरलेला हात, एवढं त्याला पुरतं. ते काम मी पुन्हा करून दिलं आणि तेव्हापासून काळ्या गाडीचा शेवटचा हात कधी रोटरीनं मारला नाही.

डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मधल्या आसापासून थोडं बाजूला झेपावत घिरट्याही घालतं. एकाच जागी घासत राहत नसल्यानं उष्णता कमी आणि होलोग्राम जवळजवळ नाहीच. जास्त दाबलं की फिरणं थांबतं, म्हणजे चूक झाली तरी रंग वाचतो. तिसरा एक प्रकार गिअरवर चालतो. त्यातही झेप असते, पण दाबलं तरी पॅड थांबत नाही. कापतो चांगला, मात्र हाताला हिसके बसतात आणि कडेला माफी नसते. पहिल्या मशीनसाठी साधा डीए घ्या, यात मला शंका नाही.

वॉट बघून मशीन घेणं

दुकानात पहिला प्रश्न असतो, किती वॉटचं आहे? विचारायला हवं ते वेगळंच: झेप किती आणि प्लेट, म्हणजे पॅड जिच्यावर बसतं ती चकती, किती इंची. झेप म्हणजे पॅडच्या घिरट्यांचं वर्तुळ. बाजारात ती ८, १२, १५, २१ मिलिमीटर अशी मिळते. झेप मोठी तितकं काम भराभर आणि सपाट पत्र्यावर चमक एकसारखी. म्हणून पुष्कळ जण थेट २१ घेतात. मोठ्या बॉनेटवर, छतावर ती छान चालते. पण आपल्याकडच्या हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींच्या दारांवर घड्या, बंपरला वळणं, काचांमधले खांब अरुंद. तिथं २१ चं पॅड एका बाजूनं उचललं जातं, फिरणं थांबतं आणि नुसतं थरथरतं. आपण तासभर मशीन धरतो, चरे जिथल्या तिथं.

माझं मत: १५ ची झेप आणि पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरची प्लेट. सपाट भागावर पुरेसं, वळणावर सांभाळता येणारं. पुढं जमलं तर खांब आणि आरशांसाठी तीन इंची छोटं मशीन. आठ मिलिमीटरचं स्वस्त मशीनही वाईट नाही. त्याला वेळ जास्त लागतो, एवढंच.

मशीन दोन मिनिटं चालवून हातात धरून बघा. अडीच किलोचं मशीन दाराच्या खालच्या भागावर अर्धा तास आडवं धरायचं असतं. मुंग्या येत असतील तर ते घेऊ नका.

विजेचं थोडक्यात: परदेशातून ११० व्होल्टचं मशीन मागवू नका, आपल्याकडं ते जळतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या भागात काम सकाळी करा, आणि पातळ वायरचं लांब एक्स्टेन्शन वापरू नका.

सगळे पैसे मशीनमध्ये घालणं

चरे काढतात ते पॅड आणि कंपाउंड, म्हणजे पॅडवर लावायची घासणारी पेस्ट. मशीन त्यांना फक्त फिरवतं. मी तर म्हणेन, मशीन एक पायरी खालचं घ्या आणि पॅड सहा-सात घ्या: तीन कापणारी, तीन मऊ फिनिशिंगची. एकाच पॅडवर अख्खी गाडी केली, की ते कंपाउंड आणि निघालेल्या रंगानं थबथबतं आणि नवे चरे पाडतं. पॅडचं माप प्लेटपेक्षा थोडं मोठं असावं, नाही तर प्लेटची कड रंगाला लागते.

मशीन घेतलं, पण जाळं जात नाही

आधी प्लेटच्या कडेवर मार्करनं एक रेघ मारा. चालताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर दाब कमी करा, पॅड पत्र्याला सपाट धरा किंवा वेग एक टप्पा वाढवा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

दुसरं कारण घाई. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब टाका आणि सेकंदाला इंचभर वेगानं आधी आडवे, मग उभे, असे चार ते सहा हात मारा. एका भागानंतर पॅड ब्रशनं झाडा.

कंपाउंड लगेच वाळून पावडर उडत असेल, तर पत्रा गरम आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही, तिथं कुठलंच कंपाउंड टिकणार नाही. पहाटे सुरू करून नऊच्या आत थांबा.

जाळं गेलं पण काळ्या रंगावर धुकं बसल्यासारखं दिसतं? कापणाऱ्या पॅडनं सोडलेल्या अतिबारीक खुणा आहेत त्या, मऊ काळ्या रंगावर जास्त दिसतात. मऊ पॅड, बारीक पॉलिश, कमी दाब, असा दुसरा हात मारा. दोन्ही हात आधी एकाच फुटावर करून बघा, पटलं तरच गाडी हातात घ्या.

काम झालं असं वाटलं की पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो भाग पुसा. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून ते लपवतं आणि दोन धुण्यांत निघून जातं. पुसल्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, तिचा पसरट उजेड काहीच दाखवत नाही.

बंपरवर हात हलका ठेवा. तो प्लास्टिकचा असल्यानं उष्णता पसरत नाही आणि रंग लवकर जळतो. दाराच्या घड्यांवर आधीच रंग पातळ असतो, तिथं टेप लावा. आणि ज्या चऱ्यात नख अडकतं तो सोडून द्या. तो काढायला जितका क्लिअर खावा लागेल, तितका तिथं बहुधा उरलेलाच नसतो.