नॉर्वेजियन शिकताना ‘कोणी’ची जागा

बर्गनच्या एका बालवाडीत मी बदली मदतनीस म्हणून जायला लागले, तेव्हा माझी नॉर्वेजियन ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीची होती. एका सकाळी मी दार उघडलं तर आत चिटपाखरू नव्हतं. मुख्य बाईंनी फोनवर विचारलं, “हार नूएन कॉमेत?” म्हणजे, कोणी आलंय का? ‘कोणी आलेलं नाही’ हे मनात धरून मी म्हणाले, “नूएन हार इक्के कॉमेत.” त्यांनी लगेच विचारलं, “वेम?” कोण?

मी त्यांना सांगितलं होतं की काहीजण आलेले नाहीत.

‘नूएन’ म्हणजे कोणी किंवा काही (माणसं, मोजता येणाऱ्या वस्तू). ‘नूए’ म्हणजे काही, न मोजता येणारं. इथवर सोपं आहे, गाडी अडते ती नकारात. आपल्या ‘कोणीच’ला शेवटी ‘नाही’ लागतंच. नॉर्वेजियन ‘इंगेन’च्या (कोणीच नाही) पोटातच ‘नाही’ असतं, म्हणून त्याच्या जोडीला ‘इक्के’ (नाही) नको. कर्ता असेल तर सरळ ‘इंगेन हार कॉमेत’ म्हणायचं. वस्तूंसाठी तसंच ‘इंगेनटिंग’.

पण ‘कोणी’ कर्म असेल तर? ‘याय सो इंगेन’, मी कोणाला पाहिलं नाही, हे चालतं, कारण क्रियापद एकच आहे. ‘हार’ किंवा ‘विल’सारखं साहाय्यक क्रियापद आलं की ‘इंगेन’ बाजूला ठेवायचं: ‘याय हार इक्के सेत नूएन’, मी कोणाला पाहिलेलं नाही. ‘आत’ने (म्हणजे आपल्या ‘की’ने) सुरू होणाऱ्या गौणवाक्यातही तेच. आणि इथे आपली मराठी सवय चक्क कामी येते! ‘कोणाला’ आणि ‘नाही’ दोन्ही वेगवेगळे, अगदी आपल्यासारखे. वर्गात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. बोलण्याआधी एवढंच बघा, ‘कोणी’ कर्ता आहे की कर्म.

‘वेर दाग’ (दर दिवशी) पण ‘वेर्त ओर’ (दर वर्षी), हे नामाच्या लिंगावर ठरतं, ते पाठच करा. ‘मान’ म्हणजे आपलं सर्वसाधारण ‘आपण’, तेही फक्त कर्ता म्हणून. कर्म असेल तर ‘एन’.

बर्गनच्या आसपास राहणार असाल तर आणखी एक. बर्गन ज्यात येतं त्या व्हेस्टलान्ड जिल्ह्याची पत्रकं नीनॉर्श्कमध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी दुसऱ्या रूपात असतात. तिथे ‘नूएन’चं ‘नूकून’ होतं आणि ‘नूए’चं ‘नूकू’. पहिलं पत्रक हातात आलं तेव्हा मला वाटलं, हे शब्द आपल्याला शिकवलेच नाहीत. मोठ्याने वाचलं आणि ओळख पटली.