‘रीसेंटली’ कुठे बसतं, कुठे बसत नाही

‘हल्ली मी रोज जिमला जातो’ याचं इंग्रजी बरेच जण ‘रीसेंटली आय गो टू द जिम एव्हरी डे’ असं करून टाकतात. इथे ‘रीसेंटली’ चालत नाही. ते ‘नुकतंच’च्या जागी येतं, म्हणजे गोष्ट घडलेली हवी. चालू सवयीसाठी ‘दीज डेज’ घ्या: ‘आय गो टू द जिम एव्हरी डे दीज डेज’.

खरा घोळ घालतो तो ‘अलीकडे’. ‘अलीकडेच घर घेतलं’ आणि ‘अलीकडे झोपच लागत नाही’, दोन्हीकडे तो बिनतक्रार बसतो. पहिल्याला ‘रीसेंटली’. दुसऱ्याला ‘लेटली’ जास्त शोभतं: ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल लेटली’. शंका आली तर मराठी वाक्यात ‘नुकतंच’ घालून वाचा. अर्थ लागला, तर ‘रीसेंटली’ बिनधास्त लिहा.

काळाचं फार टेन्शन नको. ‘शी रीसेंटली मूव्ह्ड टू पुणे’ आणि ‘शी हॅज रीसेंटली मूव्ह्ड टू पुणे’, दोन्ही बरोबर. अमेरिकेत पहिलं जास्त ऐकू येतं, ब्रिटनमध्ये दुसरं. पण नेमका महिना किंवा तारीख आली की ‘हॅव’, ‘हॅज’ काढायचं. ‘आय हॅव जॉइन्ड इन जून’ चूक, ‘आय जॉइन्ड इन जून’ बरोबर. आणि जून सांगितलाच आहे, तर ‘रीसेंटली’ची गरजही उरत नाही. पुढे होणाऱ्या गोष्टीला हा शब्द कधीच लागत नाही, तिथे ‘सून’.

किती जुनं म्हणजे ‘रीसेंट’? ठरलेली मुदत नाही. फोन घेऊन दोन महिने झाले असतील तर चालतं, पूल बांधून दोन वर्षं झाली तरी चालतं. भूशास्त्रात तर गेल्या सुमारे 11,700 वर्षांच्या कालखंडाला पूर्वी ‘रीसेंट’ म्हणत! उलट, चहा आत्ताच झाला असेल तर ‘जस्ट’: ‘आय हॅव जस्ट हॅड टी’. फॉर्मवर मात्र ‘रीसेंट फोटो’ची मुदत वाचून घ्या, अमेरिकेच्या व्हिसासाठी तो सहा महिन्यांच्या आतला लागतो.

वाक्यातली जागाही सांभाळा. क्रियापदाच्या आधी, ‘हॅव’ आणि क्रियापदाच्या मध्ये, किंवा अगदी शेवटी. ‘आय बॉट रीसेंटली अ स्कूटर’ खटकतं, कारण इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये असा शब्द सहसा घुसवत नाहीत. मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी निभावतं, म्हणून ही चूक पटकन होते. बोलताना जोर ‘री’वर द्या, ‘सें’वर नको.

‘लेटेस्ट’ आणि ‘लास्ट’ची अदलाबदल महागात पडू शकते. चांगल्या धडधाकट दिग्दर्शकाच्या नव्या सिनेमाला ‘हिज लास्ट फिल्म’ म्हटलं, तर त्याने काम थांबवलं की काय असं वाटतं. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत’ म्हणजे ‘बाय फ्रायडे अ‍ॅट द लेटेस्ट’. आपल्या ऑफिसांतलं ‘लेटेस्ट बाय फ्रायडे’ इथे सगळ्यांना कळतं, परदेशी क्लायंटच्या कानाला विचित्र लागतं.

‘अनटिल रीसेंटली’ म्हणजे ‘आत्ताआत्तापर्यंत’, आणि त्यात ‘आता नाही’ हे गृहीत असतं. नोकरी चालू असताना बायोडेटात ते लिहिलंत, तर वाचणारा तुम्ही ती सोडली असंच धरेल.