टेम्प्लेटची नवी आवृत्ती काढताय? या चुका टाळा

आमच्या टीमच्या डिझाइन डॉक्युमेंटच्या टेम्प्लेटमध्ये मी एकदा ‘सुरक्षा’ हा विभाग मधेच, चौथ्या क्रमांकावर घुसवला. दोनच दिवसांत फोन आला, ‘‘रिव्ह्यूत ७.२ बघा म्हणून लिहिलंय, तिथं तर भलतंच काहीतरी आहे!’’ टेम्प्लेट एकदा कॉपी करून नेलं की परत घरी येत नाही, हे तेव्हा कळलं. जुन्या प्रती जुन्याच आकड्यांवर चालतात.

म्हणून शीर्षकांचे क्रमांक बदलू नका. सॉफ्टवेअरची रचना लिहून ठेवण्यासाठीच्या आर्क४२ या टेम्प्लेटचे बारा विभाग आहेत. ते वापरणाऱ्यांना सातवा म्हणजे डिप्लॉयमेंट (सॉफ्टवेअर कुठे चालवायचं ते), नववा म्हणजे निर्णय हे तोंडपाठ असतं. नवीन विभाग शेवटी जोडा, नाहीतर उपविभाग करा. मोडतोड अटळच असेल तर मेजर आवृत्ती काढा, म्हणजे पहिला आकडा वाढवा, १.४ वरून थेट २.० वर जा. ऐच्छिक विभाग वाढला तर मायनर (दुसरा आकडा), शुद्धलेखन सुधारलं तर पॅच (तिसरा आकडा). आवृत्तीचा आकडा पहिल्या पानावर छापलेला हवा आणि तो गिटच्या (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) टॅगवरून, म्हणजे आवृत्तीला दिलेल्या खुणेवरून, बिल्डनेच (फाइल आपोआप तयार करणाऱ्या प्रक्रियेनेच) टाकावा. हाताने टाकायचा म्हटलं की विसरला जातो, निदान माझ्याकडून तरी.

दुसरी चूक म्हणजे वर्ड फाइललाच मूळ प्रत मानणं. दोघांनी एकाच वेळी बदल केले की गिटला ती फाइल मर्ज करता, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करता येत नाही, एकाचं काम जातंच. मूळ मजकूर आस्कीडॉक किंवा मार्कडाउन अशा साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये ठेवा, वर्डची प्रत त्यावरून तयार होऊ द्या. मग तयार झालेली फाइल कुणीतरी उत्साहाने सजवतं आणि पुढच्या बिल्डला सगळं पुसलं जातं! पॅनडॉक हे फॉरमॅट बदलून देणारं साधन वापरत असाल तर फॉन्ट आणि शीर्षकांच्या स्टाइल्स त्याच्या रेफरन्स डॉक्युमेंटमध्ये (स्टाइल्सच्या नमुना फाइलमध्ये) बदला, त्या टिकतात.

एकच शब्द बदलला, पण डिफमध्ये (जुन्या-नव्या मजकुरातला फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खी फाइल लाल-हिरवी दिसतेय? बहुतेक वेळा कुणाच्या तरी विंडोजने ओळींचे शेवट (ओळ संपल्याची न दिसणारी चिन्हं) बदललेले असतात. रेपोत (गिट सांभाळत असलेल्या फोल्डरमध्ये) गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल टाकून ‘टेक्स्ट ऑटो’ लावा, एकदाच रिनॉर्मलाइज करा, म्हणजे सगळ्या ओळींचे शेवट एकसारखे करून घ्या, आणि तो कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळा ठेवा. त्यात मजकुराची दुरुस्ती मिसळलीत, तर रिव्ह्यू करणाऱ्याला ती शोधूनही सापडणार नाही.