डेस्कटॉपवरून हँडहेल्डवर: आधी वॉटचं गणित

डेस्कटॉपवर गेम अडखळला की आपण सेटिंग्ज उतरवतो, नाहीतर नव्या ग्राफिक्स कार्डाच्या किमती बघायला लागतो. गेम किती वीज खातोय, हे बघायची वेळच येत नाही. हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या गेमिंग पीसीवर, पहिला प्रश्न तोच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये, रॅम दोघांत वाटलेली, आणि त्या चिपला मिळणार १० ते ३० वॉट. डेस्कटॉपचं मधल्या किमतीचं कार्ड एकटंच दीडशे वॉट सहज ओढतं. त्यामुळे आधी वॉट ठरवायचे आणि मग त्यात बसतील अशा सेटिंग्ज लावायच्या. उलट्या क्रमाने गेलात तर तासाभरात बॅटरी संपेल आणि महागडं यंत्र उगाच बदनाम होईल.

घेण्याआधी

तुम्ही रोज खेळता त्या गेम्सची यादी काढा आणि त्यातले ऑनलाइन गेम वेगळे करा. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट असेल तर व्हॉल्व कंपनीचा हँडहेल्ड, स्टीम डेक, बाद. त्यांची अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही आणि डेकची ऑपरेटिंग सिस्टीम स्टीमओएस लिनक्सवरच उभी आहे. व्हॅलोरंट तर पीसीवर कंट्रोलरने खेळताच येत नाही, तेव्हा त्यासाठी डेस्कटॉपच ठेवा. एकट्याने खेळायचे, कथा असलेले गेम जास्त असतील तर स्टीमओएससारखी सुटसुटीत सोय नाही. बटण दाबलं की झोपते, दाबलं की गेम होता तिथून सुरू. पण व्हॉल्व भारतात डेक विकत नाही. आयात केलेला घेतला तर दुरुस्तीची जबाबदारी तुमचीच. असूसचा विंडोजवर चालणारा हँडहेल्ड, आरओजी ॲलाय, इथे वॉरंटीसह मिळतो, म्हणून पुढचं सगळं ॲलाय धरून सांगतो.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. पहिल्या ॲलायमध्ये ४० वॉट-तासांची बॅटरी आहे, नंतर आलेल्या ॲलाय एक्समध्ये ८०. परफॉर्मन्स मोडमध्ये स्क्रीनवर दिसणारा १५ वॉटचा आकडा फक्त चिपचा. पडदा, रॅम, एसएसडी, पंखा आणि वायफाय मिळून आणखी ८-१० वॉट जातात. म्हणजे १५ वॉटवर एकूण खर्च साधारण २४, आणि ४० भागिले २४ म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. सगळ्यात वेगवान टर्बो मोडमध्ये, बॅटरीवरच्या २५ वॉटवर, जेमतेम सव्वा तास. प्रवासात खेळायचं असेल तर एक्सचे जास्तीचे पैसे बॅटरीसाठीच मोजा. वेगातला फरक त्यामानाने किरकोळ आहे.

पहिल्या दिवशी

चार्जर लावूनच सगळं करा. विंडोज अपडेट, मग असूसच्या मायअसूस ॲपमधून बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर), मग आर्मरी क्रेट (असूसचं सेटिंग्जचं ॲप) आणि ग्राफिक्स ड्रायव्हर. बायोस चढत असताना बॅटरी संपली तर यंत्र सरळ सर्व्हिस सेंटरला जाईल.

त्यानंतर लगेच पॉवर बटणाची सेटिंग बदला. विंडोजच्या झोपेत यंत्र पूर्ण थांबत नाही. अपडेटसाठी किंवा वायफायसाठी ते मधेच जागं होतं, बंद बॅगेत तापतं आणि संध्याकाळी काढावं तर बॅटरी रिकामी. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाला ‘हायबरनेट’ नेमून द्या. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत बॅटरी जवळपास होती तितकीच राहते.

एकेक गेम बसवताना

इथे घाई करू नका, खरी मजा याच कामात आहे. चार्जर काढा, परफॉर्मन्स मोड लावा (ॲलायवर १५ वॉट, एक्सवर १७) आणि गेममधली सगळ्यात गर्दीची जागा निवडा. बाजारपेठ, पाऊस, लढाई, जिथे डेस्कटॉपलाही घाम फुटायचा ती.

पडदा १०८०पीचा आहे, पण सात इंचांवर खरं चित्र ७२०पीत काढलं तरी चालतं. गेममध्ये एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं एएमडीचं तंत्र) असेल तर रिझोल्यूशन १०८०पी ठेवा आणि एफएसआर ‘क्वालिटी’वर. आत चित्र ७२०पीतच तयार होतं, पण अक्षरं आणि नकाशा पूर्ण १०८०पीत उमटतो. एफएसआर नसेल तेव्हाच गेम ७२०पी फुलस्क्रीन करून एएमडीचं आरएसआर (ड्रायव्हरमधून तेच काम करणारी सोय) चालू करा. त्यात अक्षरांसकट सगळंच ताणलं जातं, म्हणून बारीक मजकूर थोडा पुसट दिसतो. दोन्ही एकदम लावू नका, कडा करवतीसारख्या दिसायला लागतात.

रे ट्रेसिंग (प्रकाशाचा खराखुरा हिशेब करणारी जड सेटिंग) बंद. सावल्या आणि धुकं मीडियम किंवा लो. या पडद्यावर अल्ट्रा सावली कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. गर्दीची घनता आणि दूरवर दिसणारे तपशीलही उतरवा, कारण त्यांचा भार प्रोसेसरवर पडतो आणि प्रोसेसरने खाल्लेला प्रत्येक वॉट ग्राफिक्सच्या वाट्यातून जातो. याच कारणासाठी आर्मरी क्रेटमधलं सीपीयू बूस्ट, म्हणजे प्रोसेसरला तात्पुरता जास्त वेग देणारी सोय, बंद करून बघा. बऱ्याच गेम्समध्ये त्याच १५ वॉटवर फ्रेम वाढतात. गेम प्रोसेसरवर अवलंबून असेल तर उलट झटके बसतील. मग परत चालू करा.

फ्रेम सेकंदाला ४० वर बांधा. डेस्कटॉपच्या १४४ नंतर हे ऐकायला वाईट वाटतं, पण ३० वर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची असते, ६० वर १६.७ ची आणि ४० वर २५ ची, म्हणजे बरोब्बर मध्ये. हाताला ती ६० च्या बरीच जवळ जाणवते आणि खर्च खूपच कमी. ॲलायचा व्हीआरआर पडदा (गेमच्या फ्रेमप्रमाणे आपला वेग बदलणारा) एक फ्रेम दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर चालतो, त्यामुळे चित्र फाटत नाही.

टेक्स्चर धुरकट राहत असतील किंवा गेम मेमरीची तक्रार करून बंद पडत असेल तर ग्राफिक्ससाठी राखलेली मेमरी तपासा. १६ जीबीच्या ॲलायवर ६ जीबी दिली की विंडोज आणि गेमला १० उरतात. ८ दिलीत तर मोठे गेम रॅमअभावी अडकतील. बदल रीस्टार्टनंतरच लागू होतो.

गेम आणि सेव्ह आणणं

शंभर जीबी पुन्हा डाउनलोड करू नका. दोन्ही यंत्रांवर स्टीम चालू ठेवा, डाउनलोड सेटिंग्जमध्ये स्थानिक नेटवर्कवरून फाइल ट्रान्स्फर चालू करा, आणि हँडहेल्डवर इन्स्टॉल दाबा. डेस्कटॉपला राउटरची केबल असली तर फारच लवकर उरकतं. क्लाउड सेव्हची सोय नसलेल्या गेम्सचे सेव्ह बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये, ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये किंवा ॲपडेटाच्या लोकल, लोकललो आणि रोमिंग फोल्डरांत सापडतात. ते स्वतः कॉपी करा, आणि डेस्कटॉप फॉरमॅट करायच्या आधी हँडहेल्डवर एकदा उघडून खात्री करा.

पहिल्या ॲलायच्या काही यंत्रांत गरम हवेच्या जाळीजवळचा मायक्रोएसडी रीडर बिघडत होता, असूसनेही ते मान्य केलं. त्यावर छोटे गेम ठेवा, मोठे एसएसडीवर.

टेबलावर आणि प्रवासात

मॉनिटरला जोडायला यूएसबी-सी हब घ्या, पण १०० वॉट पीडी (यूएसबी-सीवरून जास्त वॉट देणारी चार्जिंगची पद्धत) आत घेणारा. हब स्वतः काही वॉट ठेवून घेतो, त्यामुळे ६५ वॉटचा चार्जर लावूनही यंत्रापर्यंत कमी पोचतात आणि चार्जरवर मिळणारा ३० वॉटचा टर्बो मिळत नाही. कायम टेबलावर असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा.

पॉवर बँक ६५ वॉट पीडी देणारीच हवी, फोनची १८ वॉटची खेळताना पुरत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, विमानातल्या १०० च्या मर्यादेत बसते. मात्र ती केबिनच्या बॅगेतच न्यायची. उशीवर किंवा गोधडीवर टेकवून खेळू नका, हवा मागच्या बाजूने आत जाते. ती वाट बंद झाली की चिप वेग उतरवते आणि तुम्ही सेटिंग्जमध्ये चूक शोधत बसता.

डेस्कटॉप लगेच विकू नका. त्यावर सनशाइन (चित्र नेटवर्कवरून पाठवणारं ॲप) आणि हँडहेल्डवर मूनलाइट (ते दाखवणारं ॲप) टाकलं की जड गेम डेस्कटॉपवर चालतो आणि चित्र हातात येतं. व्हिडिओ उलगडायला चिपला फार थोडे वॉट लागतात, त्यामुळे तेव्हा सगळ्यात कमी वॉटचा सायलेंट मोड पुरतो. डेस्कटॉपला केबल, हँडहेल्डला ५ गिगाहर्ट्झ वायफाय, २.४ वर चित्र अडखळतंच.