गाणं ऑनलाइन टाकलंत, आता दुसरी नोंदणीही करा

मिरजेत-सांगलीत स्वतः चाल बांधून, स्वतः गाऊन स्पॉटिफाय-जिओसावनवर गाणी टाकणारी मुलं आता बरीच आहेत. वितरकाकडून, म्हणजे ही गाणी अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, महिन्याकाठी थोडेफार पैसे खात्यात पडले, की त्यांना वाटतं झालं. पण ते पैसे फक्त ध्वनिमुद्रणाचे असतात. गाण्याचे शब्द आणि चाल यांची रॉयल्टी वेगळी, आणि ती वितरकाच्या हिशेबात सहसा येत नाही.

त्यासाठी गीतकार आणि संगीतकाराने मुंबईच्या आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, सभासद व्हावं लागतं. सभासद होऊन थांबू नका. प्रत्येक गाण्याची नोंद करा. कोणाचा वाटा किती टक्के, हे रेकॉर्डिंगच्या आधीच कागदावर लिहून सह्या घ्या. मित्र असलात तरी घ्याच! वितरकाने दिलेला १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांकही जपून ठेवा, ध्वनिमुद्रणाची ओळख त्यावरूनच पटते.

तुकोबांच्या अभंगाला नवी चाल लावली असेल, तर शब्द पारंपरिक म्हणून दाखवा, चाल मात्र आपल्या नावावर नोंदवा. भजनी मंडळांतली कितीतरी सुरेल माणसं इथेच हक्क सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एखादी कंपनी एकरकमी पैसे देऊन ‘सगळे हक्क’ मागत असेल, तर करार नीट वाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला कंपनीच्या बरोबरीचा वाटा लिहून देऊनही जात नाही.