कूलरच्या तक्रारींचा डेटाबेस ट्रेलोला कसा जोडावा

नागपुरात होळीच्या सुमारास कूलर माळ्यावरून खाली उतरतात आणि तेव्हापासून मेअखेरच्या नवतपापर्यंत कूलर-दुरुस्तीच्या कार्यालयातील फोन थांबत नाही. मी ज्या कार्यालयाचे संगणकाचे काम पाहतो, तेथे प्रत्येक तक्रार मायएसक्यूएल या प्रणालीच्या डेटाबेसमध्ये नोंदवली जाते, कारण बिले, पंप-मोटरींचा साठा आणि जुन्या ग्राहकांचा इतिहास तेथेच आहे. मेकॅनिकांना मात्र आजची कामे मोबाइलवर ट्रेलो या अ‍ॅपच्या बोर्डावर, म्हणजे प्रत्येक कामाचे एक कार्ड लावलेल्या फळ्यावर, पाहणे सोयीचे वाटते. नोंद पाहून कार्ड तयार करण्याचे काम पूर्वी एक जण हाताने करीत असे, आणि एप्रिल उजाडला की त्यातून तक्रारी सुटू लागत. हेच काम प्रोग्रॅम न लिहिता, नो-कोड ऑटोमेशनने कसे बसवावे, ते येथे सांगतो.

कोणतेही साधन उघडण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि तक्त्यातील प्रत्येक रकान्यासमोर त्या माहितीचा मालक कोण, हे लिहावे. ग्राहकाचे नाव, पत्ता, तक्रारीचा प्रकार आणि नोंदीची वेळ यांचा मालक डेटाबेस आहे. काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि ते कोणाकडे सोपवले आहे, याचा मालक ट्रेलो आहे. ज्या माहितीचा मालक डेटाबेस आहे ती ट्रेलोमध्ये कोणी बदलली तरी परत डेटाबेसमध्ये जाणार नाही, आणि उलट दिशेनेही तसेच, असा नियम ठरवावा. हा नियम नसताना दोन्ही बाजू एकमेकींचे बदल उचलू लागल्या, तर इकडचा बदल तिकडे आणि तिकडचा इकडे असे चक्र सुरू होते. माझ्या मते या जोडणीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो कोणतेही साधन आपल्यासाठी घेत नाही.

अशी जोडणी करून देणाऱ्या साधनांपैकी झॅपिअर, मेक आणि एन-एट-एन ही तीन नावे बहुतेकांच्या परिचयाची आहेत. पहिली दोन इंटरनेटवरील सेवा असल्याने त्यांना आपल्या डेटाबेसपर्यंत बाहेरून पोहोचावे लागते. डेटाबेस कार्यालयातील संगणकावर असेल तर त्यासाठी राउटरमध्ये ३३०६ हे पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलकडे जाणारी वाट, जगाला उघडे करणे आले, आणि ते करू नये असे मी आग्रहाने सांगेन. एन-एट-एन आपल्याच संगणकावर बसवता येते. ते तेथूनच डेटाबेस वाचते आणि ट्रेलोकडे स्वतःहून विनंती पाठवते, त्यामुळे बाहेरून आत येणारी वाट लागतच नाही. डेटाबेस आधीच क्लाउडवर असेल, तर मात्र झॅपिअर किंवा मेकने सुरुवात करणे सोपे जाईल. मग सेवेने दिलेल्या ठरावीक आयपी पत्त्यांनाच प्रवेश ठेवता येतो का, ते तपासावे. पुढील पायऱ्या एन-एट-एन धरून लिहिल्या आहेत, पण त्यामागचा विचार तिन्हींना लागू पडतो.

डेटाबेसमध्ये या कामासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा; मुख्य प्रशासकाचा पासवर्ड ऑटोमेशनला कधीही देऊ नये. या वापरकर्त्याला तक्रारींचा तक्ता वाचण्याची परवानगी द्यावी आणि लिहिण्याची परवानगी केवळ दोन नव्या रकान्यांपुरती द्यावी. मायएसक्यूएलमध्ये अशी रकानानिहाय परवानगी देता येते. हे दोन रकाने म्हणजे ‘कार्ड क्रमांक’ आणि ‘कामाची स्थिती’. नवी तक्रार येते तेव्हा पहिला रकाना रिकामा असतो, आणि सगळी जोडणी त्या रिकामेपणावरच उभी आहे.

आता वर्कफ्लोची, म्हणजे आपोआप एकामागून एक चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीची, पहिली पायरी म्हणून दर ५ मिनिटांनी ती साखळी सुरू करणारा शेड्यूल ट्रिगर ठेवावा. त्यानंतरच्या मायएसक्यूएल नोडमध्ये (साखळीतील एका पायरीला नोड म्हणतात) ‘ज्यांचा कार्ड क्रमांक रिकामा आहे अशा जास्तीत जास्त २० तक्रारी, जुन्या आधी’ अशी एक ओळीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, लिहावी लागते. नो-कोड म्हटले तरी एवढी ओळ टळत नाही. रकाना रिकामा आहे का, हे बरोबरीच्या चिन्हाने विचारले तर एकही ओळ हाती येत नाही. तेथे ‘इज नल’ असेच लिहावे लागते. शिवाय क्वेरीत आरंभाची तारीख अवश्य घालावी. ती विसरल्यास मागील सर्व वर्षांच्या तक्रारींचाही कार्ड क्रमांक रिकामाच असल्याने पहिल्याच दिवशी बोर्डावर शेकडो जुनी कार्डे येऊन पडतील.

तिसरी पायरी कार्ड तयार करण्याची. कार्डाच्या शीर्षकात आधी तक्रार क्रमांक, मग परिसर आणि मग दोष लिहावा, उदाहरणार्थ ‘४१२, मानेवाडा, पंप पाणी चढवत नाही’ किंवा ‘४१३, सदर, वाळ्याच्या ताट्या बदलणे’. परिसर शीर्षकातच असला की मेकॅनिकला एका फेरीत जवळपासची घरे उरकता येतात. ग्राहकाचा पूर्ण इतिहास किंवा थकबाकी कार्डावर टाकू नये. भेटीला जेवढी माहिती लागते तेवढीच बाहेर जाऊ द्यावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेता हे पथ्य आवश्यक आहेच, पण तो कायदा नसता तरी मी ते पाळले असते, कारण लोकांनी तो फोन क्रमांक कूलर दुरुस्तीसाठी दिलेला असतो.

चौथ्या पायरीत ट्रेलोकडून मिळालेला कार्डाचा आयडी लगेच त्याच ओळीच्या ‘कार्ड क्रमांक’ रकान्यात लिहावा. मी सुरुवातीला कार्ड झाले म्हणजे काम झाले असे धरले होते. एके दुपारी कार्ड तयार झाले, पण डेटाबेसमध्ये परत लिहिण्यापूर्वीच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्याच तक्रारीचे दुसरे कार्ड निघाले आणि भर उन्हात दोन मेकॅनिक मनीषनगरातील एकाच घरी पोहोचले. तेव्हापासून कार्ड करण्यापूर्वी बोर्डावरची सर्व कार्डे मागवून त्या तक्रार क्रमांकाचे कार्ड आधीच आहे का, हे तपासणारा एक नोड मी मध्ये ठेवला आहे. ते असेल तर नवे कार्ड न करता त्याचाच आयडी लिहिला जातो.

उलट दिशेचे काम वेगळ्या वर्कफ्लोत ठेवावे. ट्रेलोचा ट्रिगर वेबहुकवर चालतो, म्हणजे बदल झाला की ट्रेलो स्वतःहून आपल्याकडे निरोप पाठवते, आणि त्याला इंटरनेटवरून दिसणारा पत्ता लागतो. आपण तो उघडलेला नाही, म्हणून दर १० मिनिटांनी ‘पूर्ण’ या लिस्टमधील कार्डे मागवून त्यांच्या आयडीवरून तक्रारींची स्थिती बदलावी. एवढ्या उशिराने दुरुस्तीच्या कामात काही बिघडत नाही.

वेळेची चूक अनेकांना होते. एन-एट-एन स्वतःच्या संगणकावर बसवले की त्याचा मूळ वेळविभाग न्यूयॉर्कचा असतो. तो सेटिंगमध्ये ‘एशिया-कोलकाता’ करावा. तसेच कार्डाची मुदत पाठवताना वेळविभाग दिला नाही, तर सकाळी १० ची भेट युटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, समजली जाऊन फोनवर दुपारी ३:३० दिसू शकते. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येत असतील तर दोष ऑटोमेशनचा नसून बहुधा तक्त्याचा असतो: मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये लॅटिन-१ हा मूळ अक्षरसंच होता आणि त्यात देवनागरी बसत नाही. नवी नोंद नीट यावी म्हणून रकाना ‘यूटीएफ-८-एमबी-४’ मध्ये बदलावा. आधीच प्रश्नचिन्हे होऊन साठवली गेलेली नावे मात्र त्याने परत मिळत नाहीत.

चाचणी खऱ्या बोर्डावर करू नये. वेगळा बोर्ड घेऊन त्यावर १० खोट्या तक्रारी चालवाव्यात. त्यांपैकी एकीचा पत्ता रिकामा ठेवावा, एकीत अवतरणचिन्ह घालावे आणि एक चालू असताना मुद्दाम इंटरनेट बंद करून पाहावे. हाताने चालवलेली चाचणी यशस्वी झाली म्हणजे शेड्यूल सुरू झाले असे नव्हे, वर्कफ्लो सक्रिय करावा लागतो. एन-एट-एनच्या फोल्डरचा बॅकअपही ठेवावा, कारण साठवलेले पासवर्ड उलगडणारी किल्ली त्यातच असते.

शेवटी, बिघाड कळण्याची सोय. वर्कफ्लो चुकल्यावर टेलिग्रामवर संदेश पाठवणारा एरर वर्कफ्लो लावता येतो, पण संगणकच बंद पडला असेल तर तो संदेशही येणार नाही. म्हणून मी रोज सकाळी ८ वाजता डेटाबेसमधील अपूर्ण तक्रारी आणि बोर्डावरील अपूर्ण कार्डे यांची संख्या पाठवणारा एक लहान वर्कफ्लो ठेवला आहे. दोन आकडे जुळले नाहीत, किंवा ८:१५ पर्यंत संदेशच आला नाही, तर मेकॅनिक बाहेर पडण्यापूर्वी त्या दिवसाची यादी डेटाबेसमधून छापून त्यांच्या हाती दिली जाते.